मोटारीचा टप आणि मागची काच

पोलादाच्या पत्र्याचा एक मोठा गुण असा की, त्यावर झालेली चूक बहुधा सुधारता येते. तो कापला तर पुन्हा जोडता येतो, वाकला तर ठोकून सरळ करता येतो, एखादा तुकडा वाया गेला तर त्याच्या जागी दुसरा घालता येतो. छत्तीसगढमधील भिलाईच्या नेहरू नगरात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कारण ते शहर पोलादासाठीच वाढले. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारानुसार तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. रेल्वेचे रूळ, जाड पत्रे आणि बांधकामाचे लोखंड यांच्या सान्निध्यात जेथे पिढ्या वाढल्या, तेथे कापणे आणि जोडणे ही रोजच्या व्यवहारातील कामे होत.

काचेचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. मोटारीची मागची वक्र काच एकदा घडविली की ती कापता येत नाही, वाकविता येत नाही आणि फुटली तर सांधताही येत नाही. जुन्या मोटारीचा टप, म्हणजे तिचे छप्पर, कापून खाली उतरविण्याचे काम हाती घेतले की या दोन पदार्थांची गाठ पडते. हे काम वरवर पाहता पत्र्याचे वाटते. परंतु मूळची मागची काच राखावयाची असेल, तर सगळा आराखडा काचेच्या मापावरूनच आखावा लागतो. तो कसा आखतात, आणि कापण्याआधी कोणत्या गोष्टींचा विचार करणे आवश्यक आहे, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

टप उतरविण्याची प्रथा

ही प्रथा मूळची अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतातील. तेथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर १९३० नंतरच्या दशकात तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या वेगाने पळवीत. १९३७ साली त्यांच्या मंडळांची एक संघटनाही स्थापन झाली. वेगात जाणाऱ्या गाडीला हवेचा जो विरोध होतो, तो इतर गोष्टींबरोबर तिच्या समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. छप्पर काही सेंटिमीटरने खाली आणले की ते क्षेत्रफळ घटते आणि त्याच इंजिनावर गाडी अधिक वेग गाठते. अशा रीतीने उपयुक्ततेतून सुरू झालेली ही गोष्ट पुढे सौंदर्याची बनली. बुटक्या छपराची, लांबट, जमिनीला चिकटून चालल्यासारखी दिसणारी गाडी लोकांना आवडू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जॉर्ज आणि सॅम या बॅरिस बंधूंची लॉस एंजेलिस परिसरातील कार्यशाळा या कामासाठी प्रसिद्धीस आली. सॅम बॅरिस यांनी १९५० साली स्वतःच्या १९४९च्या मर्क्युरी गाडीचा टप उतरविला. १९५२ साली याच कार्यशाळेत बॉब हिरोहाता यांच्या १९५१च्या मर्क्युरीचे रूपांतर झाले आणि ती गाडी या कलेचा नमुना मानली गेली. पुढे २०१७ साली तिची नोंद अमेरिकेतील राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत करण्यात आली. या गाडीचा टप पुढच्या बाजूने सुमारे १० सेंटिमीटर, तर मागच्या बाजूने सुमारे १८ सेंटिमीटर उतरविल्याचे सांगितले जाते. मागची बाजू पुढच्यापेक्षा अधिक उतरविली की मागची खिडकी पूर्वीच्या स्थितीत राहू शकत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

१९३०च्या सुमाराच्या गाड्यांना बहुधा सपाट काचा असत. सपाट काच नव्या मापाने कापून आणणे कोणत्याही काचवाल्याला जमत असे. त्यामुळे कारागिराने पत्रा हवा तसा कापावा आणि काच मागाहून बसवावी, असा क्रम चाले. वक्र काचा आल्यानंतर हा क्रम उलटला.

वक्र काच का कापता येत नाही

मोटारीत दोन प्रकारच्या सुरक्षित काचा वापरतात. पहिली थरांची काच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांना १९०३ साली प्रयोगशाळेत पडलेला एक काचेचा चंबू तडकूनही विखुरला नाही असे दिसले, कारण त्याच्या आतील बाजूस एका द्रावणाचा पापुद्रा वाळलेला होता. त्यावरून त्यांनी १९०९ साली दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा असलेल्या काचेचे एकस्व घेतले. आजच्या मोटारीची पुढची काच याच जातीची असते. ती सपाट असेल तर दोन्ही बाजूंनी हिरकणीने रेघ ओढून, दोन्ही काचा एकामागून एक तोडून, शेवटी मधला पापुद्रा पात्याने कापून लहान करता येते. वक्र असेल तर हेच काम अवघड होते, पण अशक्य नसते.

दुसरी म्हणजे कडक केलेली काच. मागची काच बहुधा या जातीची असते. तिला आकार देऊन, कडा घासून झाल्यावर ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवितात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडून एकाएकी निववितात. पृष्ठभाग आधी गोठतो, आतील भाग मागाहून आकुंचू पाहतो; त्यामुळे पृष्ठभागावर दाब आणि गाभ्यात ताण अशी स्थिती कायम राहते. हा तोल हेच तिच्या बळाचे कारण आहे. साध्या काचेपेक्षा ती कितीतरी पटींनी अधिक आघात सोसते. परंतु रेघ वा छिद्र गाभ्यापर्यंत पोहोचले की तोल बिघडतो आणि सबंध काचेचे क्षणार्धात खड्यांएवढे तुकडे होतात. म्हणून तिची सर्व कापाकापी कडक करण्याआधीच उरकावी लागते. आकार एकदा ठरला की तो कायमचा.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. उत्पादन थांबून अनेक वर्षे झालेल्या मोटारीची मागची काच बाजारात सहज मिळत नाही. म्हणून हाती असलेली काच शाबूत ठेवणे ही केवळ आवड न राहता निकड बनते.

खांब का जुळत नाहीत

टप पुढचे, मधले आणि मागचे अशा खांबांवर उभा असतो. खांब सरळ उभे असते, तर प्रत्येकातून सारख्या उंचीचा तुकडा काढून टप खाली ठेवला की काम झाले असते. परंतु पुढचे खांब मागे कललेले असतात, मागचे खांब पुढे कललेले असतात आणि सर्वच खांब थोडे आत झुकलेले असतात. पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद अशा घाटाच्या मध्यातून एक पट्टी काढली, तर वरचा भाग खालच्या भागावर बसत नाही. तो लहान पडतो. पुढच्या खांबांचे वरचे तुकडे खालच्या तुकड्यांच्या मागे राहतात आणि मागचे पुढे राहतात. यावर एक उपाय म्हणजे टपाचे आडवे, आणि गरज पडल्यास उभेही, छेद घेऊन मध्ये पत्र्याच्या पट्ट्या घालणे. त्याने टप लांबरुंद होतो, परंतु सांधे वाढतात आणि मागच्या काचेचा प्रश्न तसाच राहतो.

मूळ काच राखण्याच्या तीन रीती

पहिली रीत म्हणजे काच अधिक कलती करणे. काचेची खालची कड आहे तेथेच ठेवून वरची कड पुढे झुकवितात. तिची तिरपी लांबी तीच राहते, उभी उंची मात्र कमी होते. दुसरी रीत म्हणजे काच बुडविणे. काचेचा कल न बदलता ती चौकटीसह टपाबरोबर खाली आणतात आणि तिच्याखालचा, डिकीच्या झाकणापर्यंतचा पत्रा तेवढा कापतात. तेथे पुरेशी जागा असेल तरच हे साधते. आतील फळी आणि झाकणाच्या बिजागऱ्या आड येतात. तिसरी रीत म्हणजे मागची बाजू न हलविता टप केवळ पुढून उतरविणे. काच जागची हलत नाही, परंतु छप्पर मागून पुढे उतरत गेल्यासारखे दिसते आणि थोड्या उतारापुरतीच ही रीत शोभते.

पहिली रीत अधिक रूढ आहे. तिचे कारण एका हिशेबावरून कळेल. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट गाडीचे नसून केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, टप ७.५ सेंटिमीटरने उतरवावयाचा आहे. पुढचे खांब उभ्या रेषेपासून ३५ अंशांनी कललेले आहेत. मागच्या काचेची तिरपी लांबी ४० सेंटिमीटर असून तिचा कल उभ्या रेषेपासून ३० अंश आहे. आधी पुढची बाजू पाहू. खांबांचा कल तोच ठेवून ७.५ सेंटिमीटर उंची काढली, तर वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या सुमारे ५.३ सेंटिमीटर मागे पडतो. म्हणजे टप तेवढा पुढे सरकविला पाहिजे.

आता मागची बाजू. काचेची मूळ उभी उंची सुमारे ३४.६ सेंटिमीटर येते. ती २७.१ व्हावयाची, तर कल ३० अंशांवरून सुमारे ४७ अंशांवर न्यावा लागतो. तसे केल्यावर काचेची वरची कड पूर्वीपेक्षा ९.४ सेंटिमीटर पुढे जाते. टप तर आधीच ५.३ सेंटिमीटर पुढे सरकलेला आहे. तेव्हा मागे केवळ ४.१ सेंटिमीटरचा फरक उरतो, आणि तोही कमतरतेचा नव्हे तर जादा पत्र्याचा. टपाच्या मागच्या कडेची तेवढी पट्टी कापून टाकली की काच आणि टप एकमेकांस मिळतात. टपाच्या मधोमध छेद घेण्याची गरज राहत नाही. जी काच अडचण वाटत होती, तिच्याच न बदलणाऱ्या मापाने टप कोठे ठेवावयाचा हे ठरवून दिले.

या हिशेबाला दोन मर्यादा आहेत. मधला खांब जवळजवळ उभा असल्याने टप पुढे सरकला की त्याचे वरचे आणि खालचे तुकडे जुळत नाहीत. तो तिरपा करावा लागतो किंवा नव्याने घडवावा लागतो, आणि दरवाजांच्या वरच्या चौकटीही त्याप्रमाणे बदलाव्या लागतात. दुसरी मर्यादा काचेच्या वक्रतेची. काच दोन्ही बाजूंना वळलेली असेल, तर तिचे खालचे कोपरे मध्यापेक्षा पुढे असतात. कोपरा १० सेंटिमीटर पुढे असेल आणि काच १७ अंशांनी अधिक झुकविली, तर तो कोपरा जवळजवळ ३ सेंटिमीटर खाली जातो आणि पत्र्यात घुसतो. अशा वेळी खालचा पत्रा नव्याने घडवावा लागतो, किंवा कल थोडा कमी ठेवून काच अंशतः बुडवावी लागते. पुष्कळ चांगल्या कामांत या दोन रीतींचा असा मेळ घातलेला आढळतो.

प्रत्यक्ष काम

कापण्यापूर्वी सर्व काचा, रबर आणि आतील अस्तर काढून ठेवतात. मागची काच गोणपाटात वा घोंगडीत गुंडाळून, कड जमिनीवर न टेकविता, कामाच्या जागेपासून दूर ठेवावी. तिचा दुबळा भाग म्हणजे कड. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि वेल्डिंगचे थेंब काचेत रुतून बसतात व ते डाग निघत नाहीत. यास्तव काच बसलेली असताना जवळपास जोडकाम करू नये.

त्यानंतर गाडीच्या आत लोखंडी नळ्यांचे आडवेतिडवे आधार लावतात. मागच्या खिडकीच्या चौकटीला वेगळी फुली मारतात. मग चौकटीच्या कडेपासून पाच ते आठ सेंटिमीटर पत्रा सोडून बाहेरून छेद घेतात, म्हणजे काच ज्या ओठावर बसते तो ओठ अखंड एका तुकड्यात निघतो. हा ओठ कधीही कापू नये. तो दोनतीन मिलिमीटरने जरी पिळला, तरी काच एका कोपऱ्यात दाबली जाते. मग ती बसवितानाच फुटते, किंवा काही महिन्यांनी रस्त्यावरील एखाद्या खड्ड्यात फुटते.

जोडकामात खरा शत्रू उष्णता हा आहे. एक मीटर पोलाद ५०० अंशांनी तापले तर सुमारे ६ मिलिमीटर वाढते आणि निवताना सांध्याजवळ आकसते. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा एवढ्याने लाटांसारखा उठतो. म्हणून सुरुवातीला केवळ टाके मारावेत. काच रबरासह बसवून पाहावी. दरवाजे उघडून-मिटून पाहावेत. मग काच पुन्हा काढावी आणि दोनतीन सेंटिमीटरचे सांधे एकमेकांपासून दूर दूर, मध्ये निवू देत, पुरे करावेत. जुने अमेरिकी कारागीर सांध्यांवर वितळलेले शिसे भरीत. शिशाची वाफ आणि घासताना उडणारी धूळ विषारी असते. पत्रा हातोडीने नीट बसविला तर वर थोडी पुट्टी पुरते. जाड पुट्टी मात्र कालांतराने तडकते.

भारतीय गाड्यांचा विशेष

मर्क्युरीसारख्या गाड्यांना खाली स्वतंत्र सांगाडा होता. टप कापला तरी गाडीचा भार त्या सांगाड्यावर राही. आपल्याकडे ज्या जुन्या गाड्या घरोघरी दिसत, त्यांची रचना निराळी आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली आणि मे २०१४ मध्ये उत्तरपाडा येथे उत्पादन थांबलेली ॲम्बॅसॅडर, तसेच मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, या दोन्हींचा पत्र्याचा देह हाच त्यांचा सांगाडा होय. त्यांत टप आणि खांब हेही भार वाहतात. आधार न लावता खांब कापले तर मधला तळ खचतो, दरवाजे मिटेनासे होतात आणि मागच्या काचेची चौकट तिरकी होते. टप उतरविल्यावरही खांबांच्या सांध्यांत आतून पोलादी पट्टी घालून बळकटी आणावी लागते. गाडी उलटली तर आतील माणसांचे रक्षण त्याच सांध्यांवर अवलंबून असते.

चालविणाऱ्याच्या दृष्टीचाही विचार हवा. वरील उदाहरणात मागच्या काचेची उभी उंची सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाली. आरशातून मागचा रस्ता तेवढा कमी दिसणार. शिवाय कलत्या काचेतून दुपारचे ऊन अधिक आत येते. छत्तीसगढ आणि विदर्भ यांचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

कायदा आणि मूळ रूप

आतापर्यंत कसे कापावे हे पाहिले. कापावे की नाही, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा काटेकोर अर्थ लावला आणि गाडीच्या मूळ घडणीशी विसंगत बदल मान्य करता येणार नाहीत असे स्पष्ट केले. म्हणून टप उतरविण्याचा विचार करणाऱ्याने पत्र्याला करवत लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा केली पाहिजे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ते लागू होतात. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. ते रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, मिरवणुकीवजा सफर, संशोधन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मुख्य अट अशी की, वाहन मूळ रूपात असले पाहिजे. त्याच्या सांगाड्यात, देहाच्या कवचात वा इंजिनात बदल झालेला नसावा. टप उतरविणे म्हणजे कवचातच बदल. १९६० नंतरच्या दशकातील एखादी ॲम्बॅसॅडर नेहरू नगरातील एखाद्या घराच्या आवारात शाबूत उभी असेल, तर आज तिला या नोंदणीचा मार्ग खुला आहे. टप कापला की तो बंद होतो. मागची मूळ काच जपली असली तरी या बाबतीत तिचा उपयोग होत नाही.

मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. ज्या गाड्या एके काळी इतक्या होत्या की त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नसे, त्या अशा रीतीने दुर्मीळ होत जातात. म्हणून अनुभवी कारागीर या कामासाठी शाबूत गाडी निवडीत नाहीत. जिचा टप वा तळ गंजून गेला आहे, जी मूळ रूपात आणणे शक्य राहिलेले नाही, अशीच गाडी ते पसंत करतात. आणि तिच्यावरही हात टाकण्याआधी पुठ्ठ्याची एक दशांश आकाराची प्रतिकृती करून, वर दिलेला हिशेब तिच्यावर ताडून पाहतात. प्रतिकृतीतील काचेसाठी अभ्रकाचा अथवा प्लास्टिकचा ताठ तुकडा वापरावा आणि तो एकदा कापल्यावर पुन्हा कापावयाचा नाही असा नियम स्वतःला घालून घ्यावा. त्या तुकड्याला हात न लावता टप बसविता आला, तर मोठ्या गाडीवरही तो बसेल. बसविता आला नाही, तर नुकसान केवळ पुठ्ठ्याचे होते, आणि गाडी पूर्वीसारखीच उभी राहते.